नावेच्या प्लॅटफॉर्मला दीडशेचा गर्डर पुरेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिकोडी तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात पुरासाठी घेतलेली फायबरची नाव जमिनीवरून उचलून लोखंडी प्लॅटफॉर्मवर ठेवायची आहे. नाव साडेपाच मीटर लांब, १.७ मीटर रुंद, मागे २५ हॉर्सपॉवरचं इंजिन. चार खांब, लांबीकडून ४ मीटर आणि रुंदीकडून १.८ मीटर अंतरावर, उंची २.१ मीटर. खांबांवर दोन लांब गर्डर, दोन्ही टोकांना एकेक मीटर बाहेर काढलेले. पाणी चढलं की नाव तिथूनच तरंगत सुटावी, ही कल्पना. फॅब्रिकेटरचं म्हणणं, "सामानासकट सहाशे किलोची नाव, दीडशेचा आय-बीम भरपूर झाला." समितीतल्या एकांचा आग्रह दोनशेच्या गर्डरचा. (दीडशे-दोनशे म्हणजे आय-बीमची मिलिमीटरमधली उंची.) कोणाचं धरायचं?

दोनशेचा धरा. मात्र नाव जड आहे म्हणून नव्हे. या सगळ्या हिशेबात नावेचं स्वतःचं वजन हा सगळ्यात लहान आकडा आहे, आणि फॅब्रिकेटर नेमका तेवढाच आकडा धरून बसलाय.

आधी वजन काय काय येतं ते बघू. रिकामी नाव, इंजिन, पेट्रोल, लाइफ जॅकेट, दोर, नांगर मिळून सहाशे किलो, हे मान्य. आता पूर प्लॅटफॉर्मवरून गेला आणि ओसरला अशी कल्पना करा. नाव बांधलेली होती, एका बाजूला कलली, पाणी आत शिरलं, खाली जाताना तशीच टेकूंवर बसली. आत वीत-सव्वा वीत पाणी आणि तळाला गाळ. २५ सेंटिमीटर पाणी धरलं तर ५.५ × १.७ × ०.२५ म्हणजे २.३ घनमीटर. नावेला पोट असतं, कोपरे नसतात, म्हणून त्याचे ६० टक्के धरा, तरी १४०० किलो झाले. सहाशेची नाव दोन टनांची झाली. पूर नाही आला तरी तळाचं बूच लावून नाव पावसात उघडी ठेवली तर हेच व्हायचं, फक्त सावकाश. म्हणून बूच काढून ठेवा, हे रंगाने इंजिनाशेजारीच लिहून ठेवा, आणि तरीही गर्डर भरलेल्या नावेसाठीच करा. बूच काढायचं राहणारच.

दुसरं वजन माणसांचं. पुराच्या दिवशी त्या प्लॅटफॉर्मवर चारच जण उभे राहतील असं धरू नका. गर्दी जमते अशा जागेला चौरस मीटरला ५०० किलो धरायची पद्धत आहे आणि इथे ती कमी करू नये. एका गर्डरच्या वाट्याला पाऊण मीटर रुंदीची चालायची पट्टी येते, म्हणजे मीटरला ३७५ किलो. वर चालायची जाळी, दोन गर्डर जोडणारे आडवे मेंबर आणि गर्डरचं स्वतःचं वजन मिळून आणखी ८० किलो. एकूण मीटरला ४५५ किलो, म्हणजे सुमारे ४.५५ किलोन्यूटन.

नाव दोन आडव्या टेकूंवर बसते. ते खांबांपासून ८०-८० सेंटिमीटर आत, म्हणजे एकमेकांपासून २.४ मीटरवर ठेवा. इंजिन मागे असल्यामुळे मागच्या टेकूवर ६० टक्के भार जातो. नाव नेमकी मध्यावर कधीच बसत नाही, म्हणून एका गर्डरवर निम्म्याऐवजी ६० टक्के धरायचे. म्हणजे भरलेल्या नावेचे २० किलोन्यूटन धरले तर वाईट बाजूच्या गर्डरवर मागे ७.२ आणि पुढे ४.८ किलोन्यूटन येतात.

आता मोमेंट, म्हणजे गर्डरला वाकवणारा जोर. माणसं आणि प्लॅटफॉर्मचा पसरलेला भार: ४.५५ × ४ × ४ ÷ ८ = ९.१ किलोन्यूटन-मीटर. टेकूंमधून आलेला, मध्यावर: ४.८. बेरीज १३.९. त्याला सुरक्षेचा १.५ चा फॅक्टर लावला की २०.९. बाहेर काढलेल्या टोकांवर माणसं असली तर मधला मोमेंट थोडा कमी होतो, पण त्या सवलतीचा फायदा घेऊ नका. गर्दी नेमकी मध्यावर आणि टोकं रिकामी, असंही घडतं.

दीडशेच्या आय-बीमची ताकद किती? ई२५० दर्जाचं साधं स्टील, यील्ड, म्हणजे लोखंड कायमचं वाकायला लागतं तो ताण, २५० (न्यूटन प्रति चौरस मिमी), त्याला १.१ ने भागायचं. प्लॅस्टिक मॉड्युलस, म्हणजे आकारामुळे वाकण्याला होणारा विरोध, सुमारे ११० घन सेंटिमीटर. गुणाकार केला की २५ किलोन्यूटन-मीटर. २०.९ लागतात, २५ आहेत. इथपर्यंत फॅब्रिकेटर बरोबर आहे, आणि बहुतेक हिशेब इथेच थांबतात.

पण हे २५ मिळतात ते गर्डरची वरची पट्टी, म्हणजे फ्लँज, बाजूला सरकायला मोकळी नसेल तरच. एक प्लास्टिकची पट्टी उभी धरून दोन्ही टोकांना दाबा. ती खाली वाकत नाही, बाजूला फाकते आणि पिळली जाते. आय-बीमच्या वरच्या फ्लँजवर दाबच असतो, तीही तेच करू बघते. दीडशेची फ्लँज जेमतेम ७५-८० मिमी रुंद. ४ मीटरच्या लांबीत मध्ये कुठेही बाजूने धरलेली नसेल तर आयएस ८०० : २००७ या लोखंडी बांधकामाच्या भारतीय मानकाच्या सूत्रांनी तिची क्षमता २५ वरून साडेनऊच्या आसपास येते. निम्म्याहूनही कमी! लागतात २०.९. दर १.३३ मीटरवर दोन्ही गर्डर एकमेकांना पक्के जखडले तर ती पुन्हा २०.८ पर्यंत चढते. म्हणजे अगदी काठावर, आणि तेही माल नवा, गंज शून्य, वजन पूर्ण असं गृहीत धरून.

वर टाकलेली जाळी गर्डरला धरून ठेवते असा एक समज आहे. क्लिपने अडकवलेली जाळी गर्डरला काहीही धरत नाही. क्लिप ढिली होते, जाळी सरकते. धरायचं काम आडव्या मेंबरचंच, आणि तेही वरच्या फ्लँजच्या पातळीला जोडलेल्या. वेबच्या, म्हणजे गर्डरच्या मधल्या उभ्या पट्टीच्या, खालच्या अंगाला कुठेतरी टॅक मारलेला अँगल मोजायचा नाही.

लवचिकता बघितली की दीडशेचा निकालच लागतो. याच भारात दीडशेचा गर्डर मध्यावर सुमारे १७ मिमी लवतो. मर्यादा लांबीच्या तीनशेव्या भागाची, म्हणजे १३.३ मिमी. गर्डर तुटणार नाही, पण माणसं चालताना प्लॅटफॉर्म झुलेल, आणि नाव टेकूवर हलत राहिली की फायबरला तळाशी बारीक चिरा पडतात. दोनशेचा याच भारात सहा मिमीच्या आत राहतो. शिवाय त्याचे आडवे मेंबर कुणी काढले किंवा गंजून सुटले तरी त्याच्याकडे २६ किलोन्यूटन-मीटर उरतात, म्हणजे लागणाऱ्या २०.९ हून जास्तच. दोनशेचा घ्यायचं खरं कारण हे आहे. पाच वर्षांनी कुणाचं लक्ष नसतानाही तो उभा राहतो. मधला १७५ चा आकार कागदावर चालतो, पण यार्डात सहज मिळत नाही, त्याच्या मागे लागू नका.

फरक किती पडतो? दोन गर्डर सहा-सहा मीटरचे, एकूण १२ मीटर. दीडशेचा मीटरला १५ किलो म्हणजे १८०, दोनशेचा २४-२५ किलो म्हणजे सुमारे २९०. जास्तीचं लोखंड ११० किलो. बारा मीटरची एक लांबी मध्ये कापली की दोन्ही गर्डर निघतात, तुकडा वाया जात नाही. सहा मीटरच्या गर्डरला मध्यावर जोड देऊन शिल्लक माल खपवायचा प्रस्ताव आला तर स्पष्ट नाही म्हणा.

माल घेताना बेळगावच्या उद्यमबागला असो की निपाणीला, वजनकाट्यावर उभे राहा. लांबी टेपने मोजा, काट्याच्या वजनाला भागा. दोनशेचा म्हणून दिलेला गर्डर मीटरला २२ किलो भरला तर तो हलका माल आहे, परत करा. व्हर्नियर असेल तर फ्लँजची जाडी टोकाला मोजू नका, तिथे ती निमुळती असते. वेबची कड आणि फ्लँजचं टोक यांच्या मधोमध मोजा, १० मिमीच्या आसपास यायला हवी. वेब ५.७. गंजाचे पापुद्रे सुटलेला माल नको. वरवरची तांबूस धूळ चालते.

आडव्या मेंबरसाठी बरेच जण चॅनल टाकतात. चॅनलवर वरून वजन आलं की तो पिळला जातो, कारण त्याचा भार पेलायचा मध्य वेबच्या बाहेर पडतो. ज्या दोन आडव्यांवर नाव बसणार, ते दीडशेच्या आय-बीमचेच करा. १.८ मीटरच्या लांबीत भरलेल्या नावेच्या मागच्या टेकूचा भार अगदी मधोमध आला तरी मोमेंट फॅक्टरसह ८.१ भरतो, दीडशेला तो आरामात पेलतो. (तुमच्या फॅब्रिकेटरने आणून ठेवलेला दीडशे इथे कामी येईल.) बाकीच्या, फक्त जाळी धरणाऱ्या आडव्यांना आयएसएमसी १०० (१०० मिमीचा चॅनल) चालतो, पोट खाली करून नव्हे तर उभा, नाहीतर त्याच्या पन्हाळीत गाळ आणि पाणी साचतं.

टेकू म्हणजे लोखंडावर थेट नाव नव्हे. आडव्या गर्डरवर १०० × ७५ ची सागवानी किंवा बाभळीची फळी, तिच्यावर जुन्या कन्व्हेयर बेल्टचा रबर. मधली फळी नावेच्या कण्याला लागेल अशी, बाजूच्या दोन फक्त आधाराला. नावेचं वजन कण्यावर बसलं पाहिजे, बाजूच्या फळ्यांवर आलं तर पोट आत दबतं. फळी बसवायच्या बोल्टचं डोकं अर्धा इंच खोल बुडवा.

जोडांबद्दल. खांबाच्या वर जिथे गर्डर टेकतो तिथे वेबच्या दोन्ही बाजूंना ८ मिमी प्लेटचे स्टिफनर (वेब दबू नये म्हणून उभे आधार), वरून खालपर्यंत. नाव वर ओढताना बाहेर काढलेल्या टोकावर रोलर असेल तर तिथेही. कारखान्यात करायच्या जोडांना ६ मिमीचा फिलेट वेल्ड (दोन तुकड्यांच्या कोपऱ्यात भरलेला) पुरतो. शॉपमध्ये केलेला असा वेल्ड दर मिलिमीटरला सुमारे ८० किलो पेलतो, साइटवर केलेला ६५ धरायचा, कारण नदीकाठच्या वाऱ्यात, जनरेटरवर, आडव्या अंगाने मारलेला वेल्ड तसाच असतो. म्हणून साइटवर शक्यतो वेल्ड नकोच, बोल्ट. आडवा मेंबर गर्डरच्या वेबला ८ मिमी प्लेटने, प्रत्येक टोकाला १६ मिमीचे तीन बोल्ट. भोकं १८ मिमीची, ड्रिलने. गॅसने भोक पाडायचं नाही, कडा जळते, आकार लंबगोल होतो आणि बोल्ट खेळायला लागतो. भोकाचा मध्य कडेपासून निदान ३० मिमी. मुख्य वेल्डला ७०१८ चे रॉड घ्या आणि ते कोरडे ठेवा. पावसाळी हवेत उघड्या पुडक्यातला रॉड ओल धरतो आणि वेल्डमध्ये बारीक भोकं पडतात. आडवा मेंबर बसत नाही म्हणून गर्डरची फ्लँज कापायची सवय असते, ती इथे चालायची नाही.

एक छोटी गोष्ट, पण आपल्या भागात फार उपयोगी. शॉपमधले निम्मे कामगार कन्नड बोलणारे, निम्मे मराठी. ड्रॉइंगवर वाक्यं लिहू नका. प्रत्येक तुकड्याला आकडा, मापं, वेल्डची खूण, आणि तोच आकडा पंचने लोखंडावर. गॅल्व्हनायझिंगनंतर खडूची अक्षरं उरत नाहीत.

आता खांब आणि पूर, इथे जास्त लक्ष द्या. वाहत्या पाण्याचा दाब पुलांच्या हिशेबात ५२ × के × वेगाचा वर्ग, असा किलो प्रति चौरस मीटरमध्ये काढतात. के म्हणजे खांबाच्या आकाराचा गुणक: गोल खांबाला ०.६६, चौकोनीला १.५. सरासरी वेग सेकंदाला २ मीटर असेल तर पृष्ठभागाचा वेग त्याच्या १.४१ पट धरायचा, म्हणजे वर्ग ८ येतो. गोल खांबावर चौरस मीटरला २७५ किलो, चौकोनीवर ६२४. म्हणून १५० एनबीचा (आतून सुमारे १५० मिमी व्यासाचा) पाइप घ्या, आय-बीमचा खांब नको. २.१ मीटरच्या पाइपवर सगळा मिळून जेमतेम ९५ किलो रेटा येतो.

मग प्लॅटफॉर्म वाकडे का होतात? पाण्यामुळे नाही, पाण्यातून येणाऱ्या गोष्टींमुळे. आपल्या पट्ट्यात दोन्ही काठांना ऊस. पुराबरोबर पाचट, मुळासकट उपटलेला ऊस, जलपर्णी, बाभळीचे ओंडके येतात आणि खांबांच्या मध्ये अडकून त्यांची भिंत तयार होते. अडीच मीटर रुंद आणि एक मीटर खोल अशी भिंत झाली तर तिच्यावर दीड टनाहून जास्त आडवा रेटा. चारही खांबांवर पाण्याचा मिळून येतो त्याच्या चौपट!

यावरून तीन गोष्टी ठरतात. प्लॅटफॉर्मची लांबी प्रवाहाच्या दिशेने ठेवा, अरुंद बाजू प्रवाहाकडे. तिरके ब्रेसिंग फक्त लांब बाजूंना, म्हणजे प्रवाहाला समांतर. ६५ × ६५ × ६ चे अँगल, फुलीच्या आकारात, प्रत्येक टोकाला १६ चे दोन बोल्ट, एवढं दीड टनाच्या रेट्याला पुरतं. प्रवाहाकडे तोंड असलेल्या बाजूला फुली मारू नका, ती चाळणीसारखी पाचट धरते. तिथे वरच्या कोपऱ्यात छोटा तिरका टेकू द्या, बाकी वाट मोकळी. आणि वर चेकर प्लेट (नक्षीचा अखंड पत्रा) न टाकता जाळी टाका. पाणी जाळीतून वर-खाली जातं, गाळ खाली पडतो. चेकर प्लेटवर गाळाचा थर राहतो, वर शेवाळ धरतं आणि पाय घसरतो.

पाया. काठाची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तीन फुटांच्या खड्ड्यातला काँक्रीटचा ठोकळा तिच्याबरोबर वर-खाली होतो आणि चार खांब चार पातळ्यांना जातात. त्या मातीत अंडररीम्ड पाइल घ्या, ३०० मिमीचा दांडा, खाली ७५० मिमीचा फुगा, साडेतीन मीटर खोल. खानापूरकडे जांभा किंवा कठीण मुरूम लागला तर एवढं लागत नाही, १.२ मीटर खोल, ९०० मिमी चौरस फुटिंगवर काम होतं. काठ कापला जात असेल तर मात्र कुठलाच पाया पुरत नाही, जागा बदला. बेस प्लेट ३०० × ३०० × १६, २० मिमीचे चार अँकर बोल्ट, आणि काँक्रीट जमिनीच्या ३०० मिमी वर काढून त्याला बाहेर उतार. लोखंड आणि माती भेटतात ती रेघ सगळ्यात आधी गंजते.

दोराची चूक सगळ्यात महाग पडते. नाव वाहून जाऊ नये म्हणून साखळीने घट्ट, आखूड बांधतात. पाणी प्लॅटफॉर्मच्या वर गेलं की नाव तरंगू बघते, साखळी खाली ओढते, आणि नावेची सगळी तरंगण्याची ताकद, टन-दोन टन, गर्डर वर उपटायला लागते. एकतर खिळ्या निघतात, नाहीतर नाव कलून भरते, आणि मग वरचा दोन टनांचा हिशेब खरा होतो. प्लॅटफॉर्मच्या दोन कोपऱ्यांवर तीन-तीन मीटर उंच ५० एनबीचे पाइप उभे करा, त्यांच्यावर सैल सरकणारी कडी, आणि कडीला दोर. पाणी चढेल तशी कडी चढते. २००५ आणि २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं हे गावात भिंतींवर दिसतं. पाइपाचं टोक त्या रेघेच्या वर हवं.

गंजाला एकच मनापासूनचा सल्ला, हॉट डिप गॅल्व्हनायझिंग. ५ मिमीहून जाड लोखंडावर चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त मागा, म्हणजे सुमारे ८५ मायक्रॉन. रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट हे आळीपाळीने ओलं-कोरडं होणाऱ्या जागी दोन पावसाळ्यांत सुटतं. सगळं कापणं, भोकं, वेल्डिंग आधी, मग जस्त. बंद पाइपाला दोन्ही टोकांना भोक सोडा. हे ऐच्छिक नाही, बंद पोकळीतली हवा-वाफ ४५० अंशांच्या जस्तात फुटते आणि माणसं भाजतात. बसवताना कुठे खरचटलं तर झिंक रिच पेंटचे दोन हात.

नदीच्या हद्दीत काही उभारायचं असेल तर पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी घ्या, आणि ड्रॉइंगवर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही. तुमच्या मातीचा आणि काठाचा निर्णय त्याने जागेवर येऊन द्यावा, वरचे आकडे त्याच्यासमोर ठेवा.

उभं झालं की नाव चढवायच्या आधी चाचणी. दोनशे लिटरचे दहा ड्रम, टेकूंच्या जागी पाच-पाच, खालच्या आडव्यांवर सारखे बसतील असे. गर्डरच्या खाली, खांबापासून खांबापर्यंत बारीक दोरी ताणून बांधा, मध्यावर दोरी आणि गर्डर यांमधलं अंतर लिहून घ्या. मग ड्रम पाण्याने भरा. दोन टन झाले. दोनशेच्या गर्डरमध्ये फरक दोन मिमीच्या आसपास यायला हवा. पाच आला तर माल हलका आहे किंवा दोरी खांबावर बांधलेली नाही, दोन्ही तपासा. चोवीस तास तसंच ठेवा, चारही बेस प्लेटची पातळी ट्यूबच्या पाण्याने मोजा, मग ड्रम रिकामे करा. दोरीचं अंतर मूळ आकड्यावर परत आलं पाहिजे. बोल्ट पुन्हा एकदा आवळा, आणि तीच मोजणी पहिल्या पुरानंतर गाळ धुतल्यावर परत करा.